अपुऱ्या राहिलेल्या शर्यतीचा हिशेब

लांब पल्ल्याच्या कोणत्याही शर्यतीचे निकालपत्रक हाती आले की वाचकाची नजर प्रथम वरच्या ओळींकडे जाते. पहिला कोण आला, आपल्या गावचा माणूस कितवा आला, एवढे पाहून झाले की कागद घडी घालून ठेवला जातो. त्या कागदाच्या तळाशी मात्र काही नावे अशी असतात की ज्यांच्यापुढे क्रमांकही नसतो आणि वेळही नसते. ‘डीएनएफ’ ही तीन इंग्रजी अक्षरे तेवढी छापलेली असतात. शर्यत सुरू केली, पण पुरी केली नाही, एवढाच त्यांचा अर्थ. शेवटून पहिला आलेल्याला निदान क्रमांक तरी मिळतो; ह्या मंडळींच्या वाट्याला तोही येत नाही. मराठीत जय आहे, पराजय आहे, माघारही आहे. परंतु मनापासून धावूनही मध्येच थांबलेल्या माणसाविषयी दूषण न देता बोलता येईल असा सहज तोंडी येणारा शब्द नाही. ‘अर्धवट’ म्हणावे तर ती शिवीच होते. ज्या अनुभवाला भाषेत नीट नाव नाही, तो अनुभव समाजाला नीट हाताळता येत नाही. म्हणूनच ह्या तळाच्या नावांचा विचार करणे अगत्याचे आहे.

हा विचार आजच करण्याचे कारण असे की, एकेकाळी परदेशी वाटणारी ट्रायथलॉन ही शर्यत आता महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या घरात येऊन पोचली आहे. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ एक, मध्ये विश्रांती न घेता पुरे करावयाचे, असे ह्या शर्यतीचे स्वरूप असते. तिच्या पूर्ण पल्ल्याच्या प्रकारात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन एवढे अंतर असून, ते बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत कापावे लागते. अर्ध्या पल्ल्याच्या प्रकारात ही सर्व अंतरे निम्मी असतात आणि वेळ साधारणतः साडेआठ तासांची असते. मिलिंद सोमण ह्यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, झुरिच येथे पूर्ण पल्ल्याची शर्यत पुरी केली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची मोठी दखल घेतली. पुढे २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची शर्यत प्रथम भरली आणि पारपत्र, व्हिसा, विमानाचे भाडे ह्यांच्या पलीकडची ही गोष्ट रेल्वेच्या तिकिटात आली. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील डॉक्टर, अभियंते, पोलीस, शिक्षक ह्यांनी हे वेड घेतले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील गावेही त्यातून सुटलेली नाहीत.

कॅम्प ५ मधून मिरामारपर्यंत

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये राहून अशा शर्यतीची तयारी करू पाहणाऱ्या एखाद्या नोकरदार माणसाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्याला कार्यालय गाठण्यासाठी सकाळची लोकल धरावयाची असते. म्हणजे सराव पहाटे चारला. सायकल घेऊन तो अंबरनाथ ओलांडून बदलापूरच्या बाजूला, बारवी धरणाच्या रस्त्याला लागतो. कारण मालमोटारी आणि रिक्षा रस्त्यावर येण्यापूर्वीचे दोन तास हेच काय ते त्याचे असतात. वालधुनी नदी घराजवळून वाहते, पण कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे ती पोहण्याची नदी राहिलेली नाही. तेव्हा पोहण्यासाठी तरणतलावाची फी भरावयाची, तेथील ठरावीक तासांची वेळ साधावयाची, आणि भिंतीला हात लावून वळण्याची सवय झाल्यावर एक दिवस एकदम समुद्रात उतरावयाचे. पावसाळ्यात रस्त्यावर खड्डे, उन्हाळ्यात सकाळी आठलाच अंगाची काहिली. सायकलीसाठी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे, शर्यतीचे प्रवेशशुल्क, बुटांचा खर्च, हे सर्व महिन्याच्या पगारातून जाते. आणि ह्या खर्चाच्या यादीत कधीच न लिहिली जाणारी एक बाब असते. रविवारी पाचपाच तास तो बाहेर असताना घरातील पाणी, बाजार, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी दुसरे कोणी तरी पाहत असते. सराव एकट्याचा असतो, त्याची किंमत मात्र घर भरते.

अशा माणसाला सायकलीच्या ७० व्या किलोमीटरला पोटात कळा येऊन थांबावे लागले, किंवा सायकलीचा टप्पा ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटे उशिरा संपला म्हणून अधिकाऱ्याने त्याच्या पायातील वेळ मोजणारी पट्टी काढून घेतली, तर त्याने काय गमावले? पदक गमावले, हे उत्तर अगदी वरवरचे आहे. त्याने गमावलेली गोष्ट म्हणजे खर्च केलेल्या वर्षाचे समर्थन. परतीच्या गाडीत त्याला सर्वांत जास्त भीती वाटते ती पाय दुखण्याची नव्हे, तर गल्लीच्या तोंडाशी दुकान उघडून बसलेला शेजारी “काय साईं, पदक दाखवा!” असे हसतमुखाने म्हणेल त्या क्षणाची. तो प्रश्न कुत्सित नसतो, प्रेमाचाच असतो. पण उत्तरासाठी लागणारा शब्द जवळ नसतो.

दोन खोटी सांत्वने

अशा वेळी समाज दोन ठरीव सांत्वने पुढे करतो. पहिले सांत्वन असे की, ‘भाग घेतलात हेच मोठे, निकालाला काय महत्त्व?’ हे ऐकणाऱ्याला बोचते, कारण ते खरे नसते. निकालाला महत्त्व नसते तर माणूस वर्षभर पहाटे चारला उठला नसता. ज्या गोष्टीसाठी त्याने कष्ट उपसले तीच क्षुल्लक ठरवून त्याला समजावू पाहणे म्हणजे त्याच्या कष्टांचाच अवमान होय. दुसरे सांत्वन अधिक जोशपूर्ण असते. ‘हार मानू नका, पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने या!’ हे ऐकावयास बरे वाटते. परंतु त्यात एक सूचना दडलेली असते. आजचे अपयश तेव्हाच क्षम्य ठरेल, जेव्हा उद्याचे यश त्याची भरपाई करील. म्हणजे माणसाची सुटका होत नाही, त्याची फक्त मुदत वाढते.

दुसऱ्या सांत्वनाला पुष्टी देणारी उदाहरणे आपल्याकडे विपुल आहेत आणि ती खरीही आहेत. आरती साहा ह्यांनी २७ ऑगस्ट १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा प्रयत्न केला. चौदा तासांहून अधिक काळ पोहल्यानंतर, इंग्लंडचा किनारा काही मैलांवर आला असताना, उलट्या प्रवाहामुळे त्यांना तो सोडून द्यावा लागला. महिनाभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा पाण्यात उतरल्या आणि १६ तास २० मिनिटांत खाडी पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. अलीकडचे उदाहरण नाशिकचे आहे. सैन्यातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ २०१६ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या, सुमारे ४,८०० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत एकट्याने उतरले, पण ती पुरी करू शकले नाहीत. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, त्यांनी बारा दिवसांच्या मुदतीच्या आत ती पुरी केली आणि एकट्याने ती पुरी करणारे ते पहिले भारतीय झाले. त्याच वर्षी, काही तासांच्या अंतराने, नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनीही ती पुरी केली.

ही उदाहरणे आदरणीय आहेत ह्यात शंका नाही. परंतु ती कशामुळे सांगितली जातात हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या प्रयत्नाची हकीकत आज कोणी सांगते, ती दुसरा प्रयत्न सफल झाला म्हणून. अपयशाला येथे स्वतःचे अस्तित्व नाही. ते यशाच्या कथेचे पहिले प्रकरण म्हणूनच छापले जाते. ज्याच्या कथेत दुसरे प्रकरण लिहिलेच गेले नाही, त्याचे काय? गुडघा कायमचा दुखावला, नोकरीत बदली झाली, घरात आजारपण आले, पैसे संपले, वय झाले. अशा कितीतरी कारणांनी दुसरी संधी येतच नाही. बहुसंख्य माणसे ह्याच वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी उपयोगी पडेल असे काही सांगता येत नसेल, तर अपयशावरील आपली सगळी सुभाषिते केवळ यशस्वी लोकांच्या सोयीची आहेत असे म्हणावे लागेल.

अँटवर्पचे दोन धावपटू

ह्या संदर्भात शंभर वर्षांपूर्वीची एक मराठी मुलखातील हकीकत आठवण्यासारखी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी भारताचा पहिला संघ रवाना झाला. त्या मूठभर खेळाडूंच्या संघातून मॅरेथॉनमध्ये दोघे धावले. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे ते दोघे. तेथील अंतर नेहमीपेक्षा अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले २ तास ५० मिनिटांहून थोड्या अधिक वेळात एकोणिसावे आले. दातार ह्यांच्या नावापुढे शर्यत अपूर्ण अशी नोंद आहे. चौगुले ह्यांचे नाव क्रीडा-इतिहासाच्या पुस्तकांतून येते. दातारांचे नाव शोधावे लागते.

वस्तुतः दोघेही त्याच मातीतून आले होते, दोघांनीही तोच लांबचा सागरी प्रवास केला होता, दोघेही त्याच परक्या हवेत, त्याच रस्त्यावर उभे राहिले होते. मॅरेथॉनसाठी भारताचे नाव प्रथम घेतले गेले ते दोघांच्या मिळून उभे राहण्याने. दातारांना पुन्हा ऑलिंपिकमध्ये धावण्याची संधी मिळाली नाही. त्यांच्या कथेला दुसरे प्रकरण नाही. म्हणून अँटवर्पच्या त्या प्रारंभरेषेवरील त्यांची जागा खोटी ठरते काय? भारतातून मॅरेथॉनसाठी पहिल्यांदा निघालेल्या दोन माणसांपैकी ते एक होते, ही वस्तुस्थिती शर्यत पुरी न झाल्याने पुसली जात नाही. त्याचबरोबर, त्यांनी शर्यत पुरी केली नाही हेही खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. हे मान्य करता येणे, हीच अपयश पचवण्याची पहिली पायरी होय.

ज्यांना हे उदाहरण फार जुने वाटेल त्यांनी शिवनाथ सिंग ह्यांच्याकडे पाहावे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये ते अकरावे आले. १९७८ साली जालंधर येथे त्यांनी २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो चाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांना मॅरेथॉन पुरी करता आली नाही. देशातील सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटूच्या नावापुढेही ती तीन अक्षरे लागू शकतात. तेव्हा ती अक्षरे माणसाच्या लायकीचा दाखला नसून एका दिवसाचा वृत्तांत आहेत, असाच त्यांचा अर्थ लावला पाहिजे.

मुदतीची रेघ आणि तिचे औदार्य

पहिली पूर्ण पल्ल्याची आयर्नमन शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांतील ओआहू येथे झाली. १५ जण निघाले आणि १२ जणांनी ती पुरी केली. म्हणजे जन्मदिवशीच ह्या शर्यतीने तिघांना अपूर्ण ठरवले होते. अपूर्ण राहण्याची शक्यता हा ह्या खेळाचा दोष नाही. तो त्याचा पाया आहे. जी शर्यत कोणालाही, कशीही, केव्हाही पुरी करता येईल, तिच्या पदकाला घरातील शोकेसमध्ये जागा कोण देईल? दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ ह्या सुमारे ९० किलोमीटरच्या धावण्याच्या शर्यतीत तर बारा तास पूर्ण होताच एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. पाठ फिरवण्याचे कारण एवढेच की, रेषेपासून दोन पावलांवर कोण आहे हे त्याला दिसू नये आणि दयेने नियम वाकू नये. दृश्य कठोर आहे, पण त्यात पक्षपात नाही. वशिला, ओळख, चिठ्ठी ह्यांचा पगडा असलेल्या समाजात सर्वांसाठी सारखी असलेली एक रेघ मिळणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

कटऑफ हा शब्द महाविद्यालयीन प्रवेशांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे आणि त्याची धास्तीही पोचली आहे. ट्रायथलॉनमधील मुदत मात्र निव्वळ गाळणीसाठी नसते. पाण्यात सुरक्षा-नौका किती वेळ ठेवता येतील, रस्ता किती तास बंद ठेवता येईल, माणसाचे शरीर उन्हात किती काळ तग धरील, ह्या साऱ्याचा त्यात विचार असतो. अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये झालेल्या आकस्मिक मृत्यूंच्या अभ्यासात बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात झाल्याचे आढळले आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीराचे तापमान चढत जाते. नुसतेच पाणी अतोनात प्यायले तर रक्तातील सोडियम घटते आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ज्या मेंदूने थांबण्याचा निर्णय घ्यावयाचा तोच मेंदू अशा वेळी बिघडलेला असतो. म्हणून तंबूतील डॉक्टरचा शब्द अखेरचा मानावा लागतो.

ह्या बाबतीत चित्रवाणीने एक मोठा गैरसमज पसरवला आहे. १९८२ च्या फेब्रुवारीत हवाई येथील शर्यतीत आघाडीवर असलेली ज्युली मॉस ही तरुणी अखेरच्या टप्प्यात कोसळली, दुसरी स्पर्धक पुढे निघून गेली, आणि ती रांगत रांगत रेषेपर्यंत पोचली. ते दृश्य जगभर दाखवले गेले आणि ह्या खेळाच्या लोकप्रियतेस त्याने मोठा हातभार लावला. तिच्या जिद्दीला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु रांगणे म्हणजेच शौर्य आणि थांबणे म्हणजे भेकडपणा असे समीकरण त्या चित्रावरून रूढ झाले, ते घातक आहे. घरी दोन मुले आणि मागे कर्ज असलेल्या माणसाने छातीत कळ आल्यावर थांबणे, ह्यात भेकडपणा कसला? त्याने त्या क्षणी शर्यतीपेक्षा मोठे उत्तरदायित्व ओळखले, एवढाच त्याचा अर्थ.

मनाचा जमाखर्च

थांबणे योग्य होते असे बुद्धीला पटले तरी मन ऐकत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचीही कारणमीमांसा झालेली आहे. विमान पाच मिनिटांनी चुकलेल्या माणसाला ते अर्ध्या तासाने चुकलेल्या माणसापेक्षा अधिक हळहळ वाटते, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली दाखवून दिले. नुकसान दोघांचे सारखेच. पण पाच मिनिटेवाल्याला ‘जरा लवकर निघालो असतो तर’ हे चित्र सहज रंगवता येते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात बार्सिलोना ऑलिंपिकमधील पदकविजेत्यांचे चेहरे तपासले गेले, तेव्हा रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक आनंदी दिसत असल्याचे आढळले. रौप्यवाला हुकलेल्या सुवर्णाकडे पाहतो. कांस्यवाला हुकू शकणाऱ्या पदकाकडे. तात्पर्य, दुःखाची मात्रा निकालावर तितकी अवलंबून नसते जितकी ती शेजारी उभ्या केलेल्या कल्पित निकालावर असते. चार मिनिटांनी मुदत चुकलेला माणूस रात्रभर त्या चार मिनिटांचा हिशेब मांडत बसतो. पंक्चर काढताना दोन गेली, पाण्याची बाटली घेताना एक गेली. हा हिशेब कधीच जुळत नाही, कारण ज्या शर्यतीचा तो असतो ती शर्यत झालेलीच नसते.

त्यापेक्षा झालेल्या शर्यतीचा हिशेब लिहावा. आणि येथे कॅम्पातील व्यापाऱ्याची वही उपयोगी पडावी. जुना व्यापारी तोट्याचा व्यवहार कीर्दीतून गाळीत नाही. गाळला तर पुढचा सगळाच हिशेब खोटा पडतो. पण एका मालात आलेला तोटा तो त्याच मालाच्या खाती लिहितो, सबंध दुकानाच्या खाती नाही. शर्यत अपुरी राहिलेल्याने नेमके हेच करावयाचे आहे. आठवडाभर शरीराला विश्रांती द्यावी, झोप पुरी होऊ द्यावी आणि त्या काळात पुढच्या शर्यतीचे शुल्क भरण्याचा मोह टाळावा. कारण अपमानाच्या भरात घेतलेला निर्णय बहुधा त्या अपमानाचाच निर्णय असतो. त्यानंतर कागदावर तीन रकाने करावेत. जे तयारीत कमी पडले ते पहिल्यात. त्या दिवशी जे चुकले ते दुसऱ्यात. आणि जे कोणाच्याच हातात नव्हते, म्हणजे लाटा, ऊन, वारा, आदल्या रात्रीचा ताप, ते तिसऱ्यात. पहिल्या रकान्याला सराव हे उत्तर आहे, दुसऱ्याला शिस्त हे उत्तर आहे. तिसऱ्याला उत्तर नाही आणि ते शोधण्यात रात्री घालवू नयेत. हे तीन रकाने एकात मिसळले की माणूस एक तर सगळा दोष नशिबावर टाकतो किंवा सगळा स्वतःवर घेतो. दोन्ही खोटेच.

चौथा प्रश्न मात्र एकट्याने सोडवावयाचा नाही. पुन्हा उतरावयाचे की नाही, हे घरच्यांना विचारूनच ठरवावे. ज्या पत्नीने किंवा पतीने वर्षभराचे रविवार दिले, त्या व्यक्तीचे मत हे ‘परवानगी’ नसून भागीदाराचे मत आहे. आणि विचारान्ती पुन्हा न उतरण्याचे ठरले, तर तोही सन्मान्य निर्णय मानला पाहिजे. पहाटेची सायकल, चांगले झालेले रक्तदाब आणि साखर, बारवीच्या रस्त्यावर उजाडताना पाहिलेले डोंगर, ह्या गोष्टी मुदतीच्या रेषेवर काढून घेतल्या जात नाहीत. त्या जमेच्या बाजूला लिहिलेल्याच राहतात.

गावाचे कर्तव्य

एवढे झाले व्यक्तीपुरते. गावाचेही काही देणे लागते. आपल्याकडे सत्काराचा सोस मोठा. पदक आणणाऱ्याची चौकात छबी झळकते, शाळेत शाल-श्रीफळ मिळते, कार्यालयात पेढे वाटले जातात. हे असावे. परंतु ज्या गावात केवळ रेषा ओलांडणाऱ्यालाच ओळखले जाते, त्या गावातील माणसे रेषा ओलांडण्याची खात्री असेल तेवढ्याच शर्यतीत उतरू लागतात. विद्यार्थी सोपे विषय निवडतात, कारकून खात्याची परीक्षा पुढे ढकलतो, शिक्षक नवा प्रयोग करीत नाही. अपयशाला क्षमा नसली की धाडस कमी होते. आणि धाडस कमी झाले की यशही स्वस्त होते.

महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ हा शब्द काही वर्षांपूर्वी हटवण्यात आला. हेतू चांगला होता. परंतु शब्द बदलला म्हणून निकालाच्या दिवशी त्या मुलाच्या घरातील शांतता बदलली असे दिसत नाही. ती बदलावयाची तर शब्दाभोवतीची वागणूक बदलली पाहिजे. शाळेच्या व्यासपीठावर पदक आणणाऱ्या माजी विद्यार्थ्याबरोबर एखाद्या वर्षी शर्यत अपुरी राहिलेल्यालाही बोलावे. त्याने मुलांना कोणतेही बोधामृत पाजू नये. कोठे थांबलो, का थांबलो आणि दुसऱ्या दिवशी कामावर कसा गेलो, एवढेच सरळ सांगावे. दहावीतील एखाद्या मुलाला त्यातून जे कळेल ते शंभर प्रेरणादायी व्याख्यानांतून कळणार नाही.

उल्हासनगरला तर हे शिकवण्याची गरज पडू नये. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळजवळ लाखभर निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कराची, हैदराबाद, शिकारपूर येथे ज्यांची घरे, दुकाने, शेती आणि शिक्षण अर्ध्यावर सुटले, त्या माणसांची ही वस्ती. त्यांच्यातील कित्येकांना सुटलेले ते कधीच पुरे करता आले नाही. वकिलाने कापड विकले, जमीनदाराने पापड लाटणाऱ्या घरात दिवस काढले. अपुरे राहिलेले त्यांनी अपुरेच मानले, त्यावर पडदा टाकला नाही आणि त्याच्या उशाशी बसूनही राहिले नाहीत. बराकीच्या एका खोलीत पडदा लावून दोन कुटुंबे राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी तरी लोकलमध्ये विकावयास काही तरी घेऊन निघाले.

एका शर्यतीची तुलना फाळणीशी करणे अप्रस्तुत होईल, आणि तसा हेतूही नाही. सांगावयाचे एवढेच की, अपूर्णतेसह सन्मानाने जगण्याची रीत ह्या गावाच्या भिंतींत आधीच मुरलेली आहे. ती नव्या पिढीच्या कामी यावी. मिरामारहून पदकाविना परतणाऱ्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी कोणी विचारलेच, तर त्याला “पुरी झाली नाही, सत्तराव्या किलोमीटरला थांबलो,” असे मान वर करून सांगता आले पाहिजे. आणि विचारणाऱ्याला ते ऐकून दुकानातील स्टूल पुढे सरकवता आले पाहिजे, चहा मागवता आला पाहिजे आणि “बसा, सांगा कसे झाले ते,” एवढे म्हणता आले पाहिजे.